गुरूवाचून पावा

आळेफाट्यावरच्या एका गॅरेजात गोरक्ष ट्रकच्या डिझेल पंपांचं काम करायचा. ते त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. ज्या मिस्त्रीच्या हाताखाली तो लागला, तो पंप उघडताना मुद्दाम पाठ करून बसायचा. मग गोरक्षनं कुठून तरी कंपनीचं चित्रांचं पुस्तक मिळवलं आणि त्यातली चित्रं बघत बघत बाद झालेले पंप खोलले, जोडले, पुन्हा खोलले. पुढं नाशिककडचे ड्रायव्हरसुद्धा "गोरक्षलाच दाखव" म्हणू लागले. तेव्हापासून त्याची एक समजूत पक्की झाली होती, की पुस्तक असलं की माणसाला कुणाच्या पाया पडावं लागत नाही.

त्याचे वडील राघू याच्या अगदी उलट. अक्षराची ओळख नाही. उमेदीची सगळी वर्षं मेंढरांमागं गेली. दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात जायचं आणि पावसाच्या तोंडाशी परत यायचं. पिंपळवंडीच्या माळाकडं थोडी जमीन झाली, विहिरीला पाणी लागलं, तेव्हा मेंढरं विकली आणि कांदा लावायला सुरुवात केली. मेंढरं गेली तरी पावा मात्र राहिला. बिरोबाच्या जत्रेत धनगरांचा गजी नाच सुरू झाला, की ढोलांच्या कडकडाटावर राघूचा पावा लागायचा. त्याची एक चाल होती, घाट उतरण्याच्या ओवीची. ती वाजल्याशिवाय जत्रा सुरू झाली असं कुणी मानत नसे.

शहाण्णव सालच्या थंडीत राघूची उजवी बाजू गेली. वाफ्याला पाणी देता देता तो बांधावर बसला आणि त्याला उठताच येईना. नारायणगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, "जीव वाचलाय. त्यांना सगळं कळतंय. पण बोलणं परत येईल का, ते मी सांगू शकत नाही."

बोलणं परत आलं ते एकाच शब्दापुरतं. न्हाई.

पाणी पाहिजे असलं तरी न्हाई, नको असलं तरी न्हाई. भाकरी, गोधडी, लघवी, सगळ्याला न्हाई. गोरक्षची बायको निर्मला त्याच्या डोळ्यांवरून अंदाज बांधायची. चुकली की तो डावा हात खाटेच्या माच्यावर आपटायचा, आणि बरोबर आली तरी तोंडातून न्हाईच निघायचं. मग स्वतःच्याच तोंडाचा राग येऊन त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं.

पावा उशाशी असे. तोंड एका बाजूला ओढलेलं, फुंक धरत नव्हती. एकदा गोरक्ष शेजारी बसला असताना त्यानं डाव्या हातानं पावा उचलला आणि पोराच्या छातीला टेकवला.

"मी काय करू याचं, आबा? मला कुठं येतंय?"

राघूनं पुन्हा टेकवला, या वेळी जोरात. गोरक्षनं फुंकून बघितलं. फुस्स करून वारा बाहेर.

"न्हाई," राघू म्हणाला. या वेळी शब्द आणि अर्थ दोन्ही एकच होते.

हे रोजचं झालं. गॅरेजातून यावं, हात धुवावेत, की पावा छातीला टेकलेलाच. जत्रेला आपल्यामागं कोण वाजवणार याची म्हाताऱ्याला काळजी, हे घरात सगळ्यांना कळत होतं. पण ज्याला शिकवायचं त्याला शब्द नाहीत आणि ज्याला शिकायचं त्याला सूर नाही, असा तो प्रकार होता.

गोरक्षनं त्याच्या सवयीनं पुस्तक शोधलं.

जुन्नरच्या बाजारात पंचांगं, आरत्या आणि जुनी क्रमिक पुस्तकं विकणारा एकजण फडकं अंथरून बसायचा. त्याच्या ढिगात तळाशी एक बासरी शिकवणारं पुस्तक निघालं. वरची पानं गेलेली, त्यामुळं नाव कळायला मार्ग नव्हता. कागद पापडासारखा. प्रस्तावनेत लेखकानं ठणकावून लिहिलं होतं, की सदरहू पुस्तकाच्या साहाय्याने कोणाही होतकरू गृहस्थास गुरूवाचून, घरबसल्या, एका महिन्यात बासरी वाजविता येईल. गोरक्षला हे वाक्य इतकं आवडलं, की बसमध्ये त्यानं ते शेजारच्या माणसालाही वाचून दाखवलं.

पुढची पानं त्यानं घरी येऊन बघितली. प्रत्येक सुराखाली सहा गोल छापलेले. काळा गोल म्हणजे भोक बंद, पांढरा म्हणजे उघडं. पण जुन्या छपाईची शाई ओलीनं पसरली होती आणि निम्म्या पानांवर सगळेच गोल काळे दिसत होते. म्हणजे पुस्तकाप्रमाणं वाजवायचं तर सहाही भोकं बंद करून सगळी गाणी वाजवावी लागणार.

गावातले हौशीरामभाऊ भजनात पेटी वाजवायचे. शेतकरी माणूस, पण सुरांची जाण चांगली. गोरक्ष पुस्तक घेऊन त्यांच्याकडं गेला. दोघांनी भिंग आणलं, पान दिव्यासमोर धरलं, बाकीचे गोल अंदाजानं ओळखले. मग हौशीरामभाऊंनी पेटीवर सूर दिला आणि गोरक्षनं पाव्यावर तोच काढायचा प्रयत्न केला.

"थांब, थांब," हौशीरामभाऊ म्हणाले. "हा 'सा' व्हय? का 'रे'?"

"मला काय इचारता? तुमीच सांगा."

हौशीरामभाऊंनी पेटीच्या एकेक पट्टीवर बोट ठेवून बघितलं. शेवटी पेटी मिटली. "गोरक्ष, तुझ्या बापानं हा पावा तापल्या सळईनं भोकं पाडून केलाय, सवताच्या बोटांच्या मापानं. ह्यो कुठल्याच पट्टीत बसायचा नाय. पुस्तकातली बासरी येगळी, ही येगळी."

गोरक्षनं मग दुकानातली बासरी घेतली. फुंक लागायला बरेच आठवडे गेले. ओठ सुजायचे, डोकं गरगरायचं, गॅरेजातली पोरं "मिस्त्री, सायलेन्सर फुटला का?" म्हणून हसायची. पण तो हटला नाही. पुस्तकातला पाठ पहिला, दुसरा, तिसरा असं करत तो एका जुन्या नाट्यगीतापर्यंत पोचला. ज्या दिवशी ते सलग वाजलं, त्या दिवशी हौशीरामभाऊंनी पाठ थोपटली. निर्मलानं चुलीपुढून उठून येऊन ऐकलं. गोरक्ष बासरी घेऊन बापाच्या खाटेजवळ बसला आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवून दाखवलं.

राघूनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

"आबा, आवो वाजतंय की आता!"

"न्हाई." डावा हात मागं आला, उशाशी चाचपडला आणि जुना पावा पोराच्या मांडीवर येऊन पडला.

गोरक्ष तडक उठून बाहेर गेला. अंगणात उभं राहून निर्मलाला म्हणाला, "माणसानं करायचं तरी काय? मरमर करून शिकलो तर म्हणं ते न्हाई. मग कोणतं, ते तरी सांगा म्हणावं!"

"सांगता आलं असतं तर सांगितलंच असतं की त्यांनी," निर्मला म्हणाली. "तुमी त्यांच्यावर का चिडता?"

"त्यांच्यावर न्हाई चिडलो."

"मग?"

गोरक्ष विहिरीकडं चालू लागला.

तरीही पुस्तकावरचा त्याचा विश्वास उडाला नव्हता. त्याला वाटलं, आपली प्रत खराब आहे, एवढाच दोष. चांगली प्रत मिळाली, त्यात धनगरी पाव्याचं एखादं प्रकरण असलं तर? शेवटच्या पानावर केशतेलाच्या जाहिरातीखाली छापखान्याचा पत्ता होता, पुण्यातल्या बुधवार पेठेतला. गॅरेजाला सुट्टी टाकून तो एसटीनं पुण्याला गेला.

पत्ता सापडला, पण छापखाना नव्हता. त्या जागी लग्नपत्रिकांचं दुकान होतं. गल्ल्यावर बसलेले म्हातारे गृहस्थ छापखान्यावाल्यांचे नातू निघाले. त्यांनी ती पापडासारखी पानं हातात घेऊन प्रेमानं उलटली.

"आजोबांच्या काळातलं दिसतंय. बासरीचं, पेटीचं, ढोलकीचं, सतारीचं, सगळ्याची अशी पुस्तकं काढायचे ते. गावोगावच्या जत्रांतून खपायची."

"याची दुसरी प्रत असंल का? चांगली?"

"नाही हो. पानशेतच्या पुरात गोदाम गेलं. माळ्यावर थोडे गठ्ठे राहिलेत, पण ते गाण्यांचे. वादनाचं एकही नाही."

"मग पुन्हा छापा की. लोक घेतील."

गृहस्थ हसले. "तुम्हीच छापा. लेखक जाऊन साठावर वर्षं झाली, हक्क कुणाचा राहिला नाही. कुणी अडवणार नाही तुम्हाला. आणि कुणी घेणारही नाही. मी काय हौसेनं पत्रिका छापतोय का?"

गोरक्षचा चेहरा बघून त्यांना वाईट वाटलं असावं. त्यांनी माळ्यावरून एक गठ्ठा काढायला लावला. पोवाडे, गवळणी, जात्यावरच्या ओव्या, बारक्या बारक्या चोपड्या, कडा पिवळ्या पडलेल्या. "घेऊन जा हे. उंदरांनी खाण्यापेक्षा बरं."

गोरक्षला गाण्यांच्या चोपड्या नको होत्या. गाणी म्हणजे नुसते शब्द. चाल कुठं आहे त्यात? पण नको म्हणणं वाईट दिसेल म्हणून त्यानं गठ्ठा बगलेत मारला, आणि नारायणगावपर्यंत एसटीत उभ्यानं येताना त्या गठ्ठ्याच्या सुतळीनं बोटं कापली म्हणून सगळ्या रस्त्यानं मनातल्या मनात शिव्या देत आला. घरी आल्यावर गठ्ठा त्यानं ओसरीवर टाकला तो तसाच राहिला.

निर्मलाला वाचायची आवड होती. सातवीपर्यंत शिकलेली, पण घरात वाचायला काही नसे. सासऱ्याला दुपारी पेज भरवून झाली की ती तिथंच बसून एकेक चोपडी चाळायची, आणि राघूलाही विरंगुळा म्हणून मोठ्यानं वाचायची. कित्येक दिवस असे गेले. पोवाड्यांना तो डोळे मिटून घ्यायचा, गवळणींना झोपून जायचा.

एका चोपडीत मेंढपाळांच्या ओव्या निघाल्या. गोरक्ष त्या दिवशी घरीच होता, अंगणात विहिरीवरच्या मोटारीचं काम काढून बसला होता. निर्मला धड्यासारखं सपाट वाचत होती.

"घाट उतरताना, कोकरू खांद्याला..."

तिनं पुढची ओळ वाचायला श्वास घेतला, तर ती ओळ खाटेवरून आली.

"मागनं मेंढी येती, वास त्याचा घ्यायाला."

बोललेली नव्हती ती ओळ, गायलेली होती. आवाज घोगरा, एका बाजूनं निसटणारा, पण शब्द न् शब्द लख्ख. राघू थांबला नाही. पुढची ओवी गायला, तिच्या पुढची गायला. चोपडीत नव्हत्या अशाही दोन गायला. निर्मलाच्या हातातून चोपडी पडली. गोरक्ष हातातला पाना तसाच घेऊन दारात येऊन उभा राहिला.

गाणं संपलं. गोरक्ष धावत जाऊन खाटेशी बसला. "आबा! आबा, बोला! पाणी म्हणा. नुसतं पाणी म्हणा."

राघूचे ओठ हलले. कपाळावर शीर तटतटली. "न्हाई."

"आत्ता एवढं म्हणलात की! निरमे, म्हणले का न्हाई? आबा, माझं नाव घ्या. गोरक्ष म्हणा!"

"न्हाई. न्हाई. न्हाई."

"अवो, सोडा त्यांना," निर्मला म्हणाली. "दमलेत ते."

गोरक्षनं हातातला पाना अंगणात भिरकावला. लेकाच्या नावाला जागा नाही आणि कोकराच्या वासाला आहे, हे कसलं डोकं, असं तो नंतर हौशीरामभाऊंना म्हणाला. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, असं होतं कधीकधी. बोलण्याची जागा आणि गाण्याची जागा डोक्यात वेगवेगळी असते. गाणं आलं म्हणून बोलणं येईलच असं नाही. आणि ते आलंही नाही, शेवटपर्यंत.

पण चाल हाती लागली होती. दुकानातली बासरी गोरक्षनं खुंटीला अडकवली आणि बापाचा पावा धरला. सकाळी कामावर जायच्या आधी निर्मलानं पहिली ओळ वाचायची, राघूनं गायला लागायचं आणि गोरक्षनं मागोमाग सूर चाचपडायचे, असा नेम सुरू झाला.

ऐकायला हे सोपं वाटतं. राघूला मध्येच थांबून पुन्हा तिथूनच उचलता येत नसे. गाडी एकदा सुटली की शेवटपर्यंत, आणि अडली की थेट पहिल्या ओळीपासून. गोरक्षला अडचण असायची ती तिसऱ्या ओवीच्या वळणाची. तिथं पोचेपर्यंत त्याचं बोट चुकायचं, तो "आबा, थांबा, एवढंच परत" म्हणायचा, की राघूचं गाणं तुटायचं. तुटलं की तो डाव्या हातानं माचा बडवायचा. निर्मला पुन्हा पहिली ओळ वाचायची. पुन्हा घाट, पुन्हा कोकरू. कधी गोरक्ष वैतागून पावा ठेवून कामावर निघून जायचा, तर कधी राघू ओठ मिटून भिंतीकडं वळायचा. मध्ये बसलेल्या निर्मलानं दोघांनाही झापलं तेव्हा चार दिवस पावा उशाशीच पडून होता.

एकदा तिच्या भावाचा टेपरेकॉर्डर आणला. एकदा भरून घेतलं की हवं तितक्यांदा ऐकता येईल, असा विचार. राघू गायला, टेप भरली. गोरक्षनं मागं फिरवून लावली. यंत्रातून स्वतःचा तो घोगरा, लंगडा आवाज बाहेर आलेला ऐकला आणि राघूनं हात फिरवला तो रेकॉर्डर खाटेवरून थेट फरशीवर. झाकण तुटलं, फीत आतल्या आत गुंतली. तिच्यातला पहिल्या दोन ओव्यांचा तुकडा तेवढा वाचला. ज्या वळणासाठी एवढा खटाटोप केला, ते वळण फितीच्या गुंत्यातच गेलं. त्यानंतर टेप दिसली की राघूचं तोंड बंद.

एका सकाळी मात्र एक गोष्ट घडली. गोरक्ष त्या वळणावर पुन्हा चुकला. राघूनं माचा बडवला नाही. त्यानं डावा हात पुढं केला, पोराची डाव्या हाताची बोटं पाव्यावरून बाजूला सारली आणि आपली तीन बोटं वरच्या भोकांवर ठेवली. गोरक्षनं फुंक तशीच ठेवली, खालची बोटं आपली. राघूचं मधलं बोट भोकावरून उचललं गेलं नाही, नुसतं कडेला सरकलं. अर्धं भोक उघडं, अर्धं बंद. सूर चढला नाही, कण्हल्यासारखा वाकला.

"असं व्हय!" गोरक्ष ओरडला, आणि ओरडल्यामुळं अर्थातच फुंक गेली.

हे अर्धं भोक कुठल्याही पुस्तकातल्या गोलात दिसलं नसतं. काळा की पांढरा, एवढंच तिथं विचारलेलं होतं. पण गोरक्षला त्याचा आनंद व्हायच्या आधी संतापच आला. एवढी वर्षं घरात हे बोट होतं आणि आपण भिंग घेऊन शाई बघत बसलो!

त्या वर्षी जत्रेला राघूला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून बिरोबाच्या माळावर नेलं. गजी नाचाचा म्होरक्या म्हणजे राघूचा चुलतभाऊ धर्माजी, ज्याच्याकडं अजून मेंढरं होती. त्यानं गोरक्षला बाजूला घेतलं.

"वाजवशील ना रं? का लाज घालवतोस?"

"बघू, काका. वाजलं तर वाजलं."

ढोल लागले. गोरक्षनं पावा उचलला. पहिली ओवी गेली, दुसरी गेली. माळावरची म्हातारी माणसं माना डोलवू लागली. तिसऱ्या ओवीच्या वळणावर गोरक्षचं बोट घामानं घसरलं. सूर फाटला आणि पुढचं सगळं डोक्यातून पुसलं गेलं. ढोलवाल्यांनी दोन-तीन आवर्तनं वाट बघितली. नाचणारे घुटमळले. कुणीतरी हसलं. धर्माजीनं हात वर करून ढोल थांबवायची खूण केली.

तेवढ्यात ट्रॉलीतून आवाज आला. "घाट उतरताना..."

त्या माळावर सगळ्यांना ठाऊक होतं, की राघूला वाचा नाही. जो तो तिकडं बघू लागला. राघूला अर्थातच सुरुवातीपासूनच घेता येत होतं. धर्माजीनं ढोलवाल्यांना डोळ्यानं खुणावलं, ढोल पुन्हा पहिल्यापासून लागले, नाचणारे आपापल्या जागी परत गेले आणि गोरक्षनं बापाच्या मागोमाग फुंक घातली. या वेळी वळण निभलं. चांगलं नाही, पण निभलं. बायाबापड्यांनी डोळे पुसले.

परतताना गोरक्ष ट्रॉलीत बापाजवळ बसला. "जमलं का, आबा?"

राघूनं डाव्या हातानं पावा चाचपला. मग मान हलवून म्हणाला, "न्हाई."

त्या न्हाईचा अर्थ होय होता की न्हाईच होता, हे गोरक्षला कधीच कळलं नाही. निर्मला म्हणते होय होता. गोरक्ष म्हणतो, तुला काय ठाऊक, तू पुढं ट्रॅक्टरवर बसली होतीस.

पुढच्या पावसाळ्यात राघू गेला. गोरक्ष तेव्हापासून दरवर्षी जत्रेला वाजवतो. फाट्यावर स्वतःचं गॅरेज झालं, डिझेल पंपही बदलले, नव्या गाड्यांचे पंप जुन्या चित्रांवरून दुरुस्त होईनात. दोन हजार पाचच्या सुमारास डिंभ्याकडचे काही पाहुणे ओव्यांच्या चोपडीची झेरॉक्स मागायला आले. निर्मलानं काढून दिली, आणि चोपडीत नसलेल्या राघूच्या दोन ओव्या मागच्या बाजूला हातानं लिहून दिल्या.

त्यांना ऐकवायला म्हणून गोरक्षनं पावा काढला. तिसऱ्या ओवीला निर्मला मध्येच बोलली, "तिथं आबा जास्त येळ थांबायचे. त्या वळणावर."

"न्हाई थांबायचे. मी रोज वाजवतो."

"मी रोज वाचत होते. माझ्या वाचण्यावरच ते उचलायचे."

"अगं, थांबले असते तर ढोलाचा ठेका चुकला असता."

"घरात कुठं ढोल व्हता?"

पाहुण्यांनी एकमेकांकडं बघितलं. त्यांतल्या एकानं चहाचा कप खाली ठेवत विचारलं, "मग आमी कसं म्हणायचं?"

निर्मला तिचं म्हणून दाखवायला लागली, गोरक्ष त्याचं वाजवायला लागला, आणि डिंभ्याची शेवटची गाडी चुकेल म्हणून पाहुणे उठले तरी दोघांचं एक झालं नव्हतं.